बोलतो तो शहाणा

वच्छलाला सासरच्या गोतावळ्याबद्दल आदर असा कधी नव्हताच. लग्नाच्या पंगतीत बुंदीत वेलची नाही म्हणून ताटावरून उठणारी, आणि मयतीला आली की पंख्याखालची जागा धरून बसणारी ही माणसं. त्यांच्याकडून शहाणपणाची आशा धरायची नाही, वाढायचं आणि गप्प बसायचं, हे तिने नवी नवरी असतानाच ठरवून टाकलं होतं. पण माणसं किती मूर्ख असू शकतात याचा पुरता अंदाज तिला शहात्तर साली आला. त्या साली तिचा नवरा आणि दीर एकाच राजदूत मोटरसायकलवरून पडले.

तिचे यजमान वामनराव हिंगण्याच्या एमआयडीसीत पाइपांच्या एका कारखान्यात फोरमन होते. धाकटा वसंत तिथेच फिटर. हनुमाननगरातून दोघं एकाच गाडीवर जायचे. वामनराव म्हणजे तोलूनमापून बोलणारा माणूस. शेजारणीशी बोलतानाही नजर स्वतःच्या चपलांवर. वडील गेले तेव्हा वसंत पाटी-दप्तराच्या वयाचा होता. त्याला वामनरावांनीच वाढवलं, शिकवलं, कामाला लावलं, आणि त्या उन्हाळ्यात भिवापूरची गोपिका पाहून त्याचं लग्नही करून दिलं. वच्छलाला मूलबाळ झालं नाही. वामनरावांनी त्याची खंत कधी बोलून दाखवली नाही. "वसंत आहे ना," एवढंच म्हणायचे. वसंत जेवला का, हे विचारल्याशिवाय त्यांच्या हातून पहिला घास उचलला जात नसे.

दिवाळीनंतर एकदा पाळी संपवून दोघं परत येत होते. अंधार पडायला लागला होता. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांनी लादलेली, बैल सोडलेली एक बंडी रस्त्यावरच उभी होती, कंदील नाही, माणूस नाही. वामनरावांचं कपाळ बंडीच्या मागच्या लाकडावर आपटलं. मागे बसलेला वसंत उडून मैलाच्या दगडावर पडला, डाव्या कानशिलावर. मागून येणाऱ्या कंपनीच्या बसने दोघांना उचलून दवाखान्यात आणलं.

दोघांच्या खाटा एकमेकींशेजारी होत्या. वामनराव आधी शुद्धीवर आले. कपाळाला पट्टी, डोळे सुजलेले, पण जीभ एकदम मोकळी. आल्यागेल्याला नावानिशी ओळखलं. वच्छलाचे मामेसासरे चंपतराव उमरेड रोडवरच्या गावाहून आले होते. पांढरंशुभ्र धोतर, टोपी, आणि प्रत्येक वाक्यानंतर खाकरणं. साऱ्या गोतात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी भाच्याच्या खाटेवर बसून विचारलं, "वामन, माह्या बैलजोडीचं नाव सांग बरं."

"ढवळ्या अन् सरदार," वामनराव म्हणाले. "सरदार मेला ना गेल्या साली."

"पाहा," चंपतराव सगळ्यांकडे वळून म्हणाले. "पोरगा शाबूत आहे. देवानं राखलं."

बैलांची नावं आठवली म्हणजे माणूस शाबूत, हा निवाडा सगळ्या गोताने मान डोलावून मान्य केला.

वसंत दोन-चार दिवसांनी जागा झाला. त्याने डोळे उघडून वच्छलाकडे पाहिलं, ओळखलं, ओठ हलवले आणि म्हणाला, "बंडी."

"हो, बंडीच होती भाऊजी. पडून राहा."

त्याने मान हलवली, नाही म्हणून. पुन्हा जोर लावला. "बंडी." पाणी हवं तरी बंडी, गोपिकेला हाक मारायची तरी बंडी. शेवटचं जे त्याच्या तोंडून निघालं असेल तेवढंच त्याच्या जिभेला चिकटून राहिलं होतं. उजवा हात पांगळा पडला होता. दर वेळी चुकीचा शब्द निघाला की तो डाव्या हाताने स्वतःच्या कपाळावर मारून घ्यायचा. चुकतंय हे त्याला कळत होतं. पण हे बघायला डोळे लागतात, आणि भेटायला येणारी मंडळी डोळे घरी ठेवून येत होती. आधी ती त्याच्याशी बहिऱ्याशी बोलावं तशी ओरडून बोलली. मग कुत्र्याशी बोलावं तशी चुचकारून बोलली. मग बोलेनाशीच झाली आणि त्याच्या खाटेच्या पायथ्याशी बसून त्याच्याचबद्दल बोलू लागली.

"येडा झाला बिचारा," चंपतराव म्हणाले. "मोठा वाचला, हेच नशीब समजा."

वच्छलाला पहिली शंका आली ती एका केळ्यामुळे. वसंत त्या दिवशी बोलायचा आटापिटा करून थकला आणि रडायला लागला. रडता रडता त्याने डावा हात भावाच्या खाटेकडे लांबवला. वामनरावांनी त्या हाताकडे पाहिलं. मग त्या हाताच्या पलीकडे वसंतासाठी सोलून ठेवलेलं केळं पाहिलं.

"हा काहून रडून राहिला?" ते म्हणाले, आणि केळं उचलून खाल्लं. खाताना त्यांना मजा वाटत होती.

वच्छला साल हातात धरून उभी राहिली. चेहरा नवऱ्याचा होता, आवाज नवऱ्याचा होता. लग्नाची तारीख विचारली असती तर तीही बरोबर सांगितली असती. पण वसंत रडत असताना त्याचं केळं खाणारा हा माणूस कोण, हे तिला समजेना.

मोठे डॉक्टर फेरीवर आले. मागे शिकाऊ मुलामुलींची शेपटी. त्यांनी वामनरावांना वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात वजा करायला लावले. वामनरावांनी सगळं सांगितलं आणि वर डॉक्टरांच्या टकलावर एक विनोद केला. शिकाऊ मंडळी हसली.

"घरी न्या," डॉक्टर म्हणाले. "ठणठणीत आहेत."

"पण डॉक्टर, हे असे नव्हते," वच्छला म्हणाली.

"बाई, मरणातून वाचलेत ते. थोडे आनंदी झाले तर बिघडलं कुठे?"

ठणठणीत माणूस घरी आला आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्या गल्लीला त्याचा अनुभव आला. वामनराव नुसत्या चड्डीवर ओट्यावर उभे राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारायचे. समोरच्या अंजनाबाईंना म्हणाले, "लठ्ठ झाल्या तुमी, पण छान दिसता." हातातलं घड्याळ भाजीवाल्याला देऊन टाकलं, त्याने छान आहे म्हटलं म्हणून. भूक लागली की कुणाच्याही ताटात हात. रागावलं की हसायचे, समजावलं की "हो ना, बरोबर आहे तुझं" म्हणायचे, आणि त्याच घडीला पुन्हा तेच करायचे. चूक काय हे त्यांना विचारलं तर तोंडपाठ सांगता यायचं. सांगणं आणि वागणं यांच्यामधला दोराच तुटला होता.

अशा माणसाला लोकांनी काय म्हणावं? दिलदार. मोकळा. मरणाच्या दारातून आल्यामुळे ज्याला जगाची भीती उरली नाही असा. कारखान्यात तर कळसच झाला. कामावर रुजू झाल्यावर वामनरावांनी मॅनेजरला चहाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगितलं, की कामगार तुम्हाला मागे काय म्हणतात आणि तुमच्या बायकोला काय म्हणतात. कामगारांनी त्यांना खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं. "वामनराव आता वाघ झाला," घरी येऊन चार जण वच्छलाला सांगून गेले. ब्रेक तुटलेली गाडी उतारावर सुटली की तिला वेगवान म्हणणारी ही जमात. पुढे त्याच वाघाने चालू मशीन तशीच सोडून दिली आणि तो बाहेर भेळ खायला गेला. एकाचा पंजा जाता जाता वाचला. कंपनीने वामनरावांना हात जोडून घरी पाठवलं, तर तेच कामगार म्हणाले, कंपनी अन्याय करून राहिली.

वसंत मागच्या खोलीत असायचा. त्याच्याकडे कुणी येत नव्हतं, त्यामुळे त्याच्याबद्दल सगळ्यांना सगळं माहीत होतं. त्याला समजत नाही, त्याला लाज नाही, त्याला आपण कोण हेही ठाऊक नाही. गोपिकेचे वडील दादाजी दोनदा येऊन मुलीला परत न्यायची गोष्ट काढून गेले. गोपिका लहानखुरी, कमी बोलणारी पोर. ती प्रत्येक वेळी म्हणाली, "पुढच्या खेपेले पाहू बाबा."

एकदा भाकरी थापताना वच्छलाने तिला विचारलं, "तुले खरंच वाटते का वं, भाऊजीले समजते म्हणून?"

"पत्त्यात मले रोज हरवते, बाई," गोपिका म्हणाली. "डाव्या हातानं. अन् मी चोरी केली त पत्ता काढून समोर ठेवते."

मग तिने दुसरी गोष्ट सांगितली, जरा लाजत. दळताना ती ओवी गुणगुणत होती, तर वसंत मागे येऊन बसला आणि तिच्याबरोबर गाऊ लागला. शब्दांसकट. सगळे शब्द बरोबर, एकही बंडी नाही. गाणं संपल्यावर तिने त्याला म्हटलं, आता तेच नुसतं बोलून दाखवा. त्याने तोंड उघडलं आणि बंडी आली. दोघंही रडली.

वच्छलाने भाकरी तव्यावर टाकली. गाता येतं आणि बोलता येत नाही. सगळं बोलता येतं आणि कशाचं काही वाटत नाही. एकाच रस्त्यावर, एकाच बंडीने दोन भावांची अशी उलटसुलट मोडतोड केली होती, आणि घरातल्या दोन बायकांशिवाय ती कुणाला दिसत नव्हती. तिने डोक्यावरून पदर घेतला आणि दुसऱ्याच दिवशी वामनरावांना घेऊन ती पुन्हा त्याच डॉक्टरांकडे गेली.

या वेळी मागे शेपटी नव्हती. डॉक्टरांनी निमूटपणे तिचं सगळं ऐकून घेतलं. तेवढ्यात वामनरावांनी त्यांच्या टेबलावरचा डबा उघडून आतली पोळी खायला घेतली. डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघत पेन खाली ठेवलं.

"मेंदू म्हणजे एकच गोळा नसतो, बाई," ते म्हणाले. "प्रत्येक भागाचं काम वेगळं. इथं, डाव्या कानाच्या वर पुढच्या बाजूला, बोलण्याचं काम चालतं. तुमच्या दिरांचं ते मोडलं, पण समज जिथल्या तिथे आहे. गाणं दुसरीकडून निघतं, म्हणून गाता येतं. यांचं मोडलं ते इथं, कपाळामागे. तिथं आवर असतो. दुसऱ्याचं दुःख मनाला लागणं, आपण काय करतोय त्याची लाज वाटणं, उद्याचा विचार करणं, सगळं तिथं."

"मंग तवा तुमी तारीख काहून पुसली?"

"तारीख विचारायची पद्धत आहे. पण तारीख सांगायला हा भाग लागत नाही. चूक झाली माझी."

"बरं होईन का?"

"दिरांना थोडे शब्द येतील, गोड बोलून, धीराने. यांचं..." त्यांनी पोळी खाणाऱ्या वामनरावांकडे पाहिलं. "यांच्यावर लक्ष ठेवा. पैशाचे, जमिनीचे व्यवहार यांच्या हाती देऊ नका."

वच्छलाने नमस्कार केला. चूक कबूल करणारा माणूस तिला कितीतरी महिन्यांनी भेटला होता. पण बाहेर आल्यावर तिला त्याचाही रागच आला. ही गोष्ट त्याने गोतासमोर, खाटेशी उभं राहून सांगितली असती तर काही उपयोग होता. आता हे बायकोने घरी येऊन सांगायचं, आणि ऐकणारे कोण, तर बैलांची नावं पुसणारे.

झालंही तसंच. तिने चंपतरावांना सांगितलं तेव्हा ते खाकरून म्हणाले, "कपाळामागं काय असते, ते डॉक्टरनं उघडून पाह्यलं का?"

भाच्याची नवी तब्येत चंपतरावांना फार मानवली होती. आज ज्या भागाला मनीषनगर म्हणतात त्या अंगाला वामनराव-वसंताचं वडिलार्जित शेत होतं, पेरूची बाग आणि विहीर. शहर तिकडे सरकायला लागलं होतं, शेजारच्या शेतांच्या धुऱ्यांवर लेआउटचे दगड पडत होते. आधीच्या वामनरावांकडे चंपतरावांनी ते शेत पाच-सहा वेळा मागितलं असेल, आणि वामनरावांनी चपलांकडे बघत प्रत्येक वेळी नाही म्हटलं होतं. नवे वामनराव कशालाच नाही म्हणत नव्हते. मधे होता तो फक्त वसंत. त्याचा काटा काढायला निमित्त हवं होतं, ते वामनरावांनीच दिलं.

दुपारची वेळ. गोपिका अंगणात धान्य निवडत होती. वामनराव तिच्याजवळ जाऊन बसले, अगदी खेटून, आणि म्हणाले, "तू वच्छलाहून चांगली दिसते." मग त्यांनी तिच्या कमरेवर हात ठेवला. गोपिका दगडासारखी झाली. वच्छला स्वयंपाकघरातून धावली, पण तिच्या आधी वसंत पोचला. त्याने ओरडाआरडा केला नाही. डाव्या हाताने भावाचं मनगट धरलं, हात काढला, आणि त्यांना उठवून, चुकलेल्या पोराला न्यावं तसं सावकाश आत नेऊन बसवलं. परत आला तेव्हा त्याचे डोळे वाहत होते. ज्याने आपल्याला बोट धरून शाळेत नेलं, त्याचा हात आपल्या बायकोच्या कमरेवरून काढावा लागला. हे ज्याला कळत नव्हतं असं गाव म्हणत होतं, तो हाच.

ओट्यावरून अंजनाबाईंनी हे पाहिलं. त्यांनी जे पाहिलं ते संध्याकाळपर्यंत सगळ्या गोतात पोचलं: येड्याने मोठ्या भावावर हात टाकला.

त्या रविवारी बैठक भरली. चंपतराव, चुलतघरचे धोंडबा, गोपिकेचे वडील दादाजी आणि आणखी चार टोप्या. वामनराव मधोमध, धुतलेल्या सदऱ्यात, खुशीत. वसंत कोपऱ्यात. बायका आतल्या दारापाशी.

चंपतरावांनी ठराव मांडला. वसंताला पागलखान्यात भरती करायचं, आता तो अंगावर येऊ लागला. गोपिका पोरवयाची आहे, तिने माहेरी जावं. आणि शेत सांभाळायला माणूस नाही, म्हणून ते आपण आपल्या अंगावर घेऊ, जड जाईल, पण बहिणीच्या लेकरांसाठी एवढं करावंच लागेल.

"वामन कबूल आहे," ते म्हणाले. "काय गा वामन?"

"हो," वामनराव म्हणाले.

मंडळींनी माना डोलावल्या. वच्छला चहाचं ताट घेऊन बाहेर आली. आपण आता काय करणार आहोत हे तिला ठाऊक होतं. त्याची तिला किळस येत होती, पण या टोप्यांना दुसरी भाषा समजणार नव्हती. तिने ताट खाली ठेवलं आणि सगळ्यांदेखत नवऱ्यासमोर बसली.

"अजी, शेत मामाजीले देऊन राहिले का?"

"हो, देऊन टाकलं."

"काहून?"

"मांगतलं त्यायनं."

"अन् दादाजीनं मांगतलं त?"

"त त्यायले देऊ."

दादाजींनी बशी खाली ठेवली.

"धोंडबाभाऊनं मांगतलं त?"

"देऊ ना. चांगला माणूस आहे. तोंडाचा वास येते त्याच्या, पण चांगला आहे."

कोणीतरी हसलं. वच्छला हसली नाही.

"भाऊजीले पागलखान्यात टाकाचं का?"

"टाका."

"अन् मामाजीले?"

"मामाले पण टाका," वामनराव प्रसन्नपणे म्हणाले. "तिथं दोन टाइम जेवाले देतात म्हणते."

आता कोणी हसलं नाही. उभ्या आयुष्यात कुणापुढे एक शब्द वावगा न बोललेल्या माणसाला तिने भर बैठकीत नागवं केलं होतं. तो रागावला असता, लाजला असता, त्याने तिच्या थोबाडीत मारली असती, तरी ती त्याच्या पाया पडली असती. वामनरावांनी तिच्याकडे पाहून गोड हसून विचारलं, "अजून एक कप आहे का वं?"

"तूच शिकवलं त्याले हे," चंपतराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "माह्या तोंडावर माहा अपमान. बरं, याचं राहू दे. त्या कोपऱ्यातल्याचं काय? ज्याले तोंड उघडून एक शब्द सांगता येत नाही, त्याले पुसून शेतीचे व्यवहार कराचे का?"

वसंत उठला. भिंतीचा आधार सोडून तो चंपतरावांसमोर येऊन उभा राहिला. चेहरा लाल, गळ्याच्या शिरा ताठ. "बंडी," तो म्हणाला. "बंडी, बंडी..." धोंडबांनी तोंड फिरवून हसू दाबलं. आणि एकाएकी वसंताच्या तोंडून एक शिवी निघाली. अर्धीमुर्धी नाही. चंपतरावांच्या आईपासून सुरू होऊन त्यांच्या टोपीपर्यंत पोचणारी, खणखणीत, एकही अक्षर न अडखळलेली, हिंगण्याच्या कारखान्यात तयार झालेली अशी शिवी, की दारातल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. सगळ्यात जास्त दचकला तो स्वतः वसंतच; गाण्यासारखी ती शिवीही दुसऱ्याच वाटेने निघून आली होती.

"बोलला की हा," धोंडबा म्हणाले.

"पाहा," चंपतराव उभे राहिले. "पाह्यलं ना सगळ्यायनं? बोलता येते त्याले. ढोंग करते साला."

वच्छलाला हसू फुटलं. अपघातानंतर पहिल्यांदा ती हसली, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं.

"कपभर चहा व्हाच्या आधी तो पागल होता, मामाजी. आता ढोंगी झाला. दोनातलं एक कायतरी ठरवा. पागल असन त ढोंग कसं करन? अन् ढोंगी असन त पागलखान्यात काहून टाकता?"

चंपतराव खाकरले.

ती वसंताकडे वळली. हळू, सरळ आवाजात तिने विचारलं, "भाऊजी, शेत विकाचं का?"

वसंताने मान हलवली. नाही.

"मामाजीले सांभाळाले द्याचं का?"

नाही.

"झालं," ती म्हणाली. "शेतात त्याचा हिस्सा आहे अन् त्याचं उत्तर तुमी पाह्यलं. यजमानाचंही पाह्यलं. आता कोणाचं डोकं ठिकाणावर आहे ते तुमीच सांगा."

दादाजींनी टोपी नीट केली आणि दाराकडे पाहून विचारलं, "गोपिका, तू काय म्हणते?"

"मी कोठीच जात नाही बाबा," गोपिका आतून म्हणाली.

मंडळी उठली. जाताना धोंडबांनी उरलेला चहा मात्र पिऊन घेतला.

शेत राहिलं. वसंत आणि गोपिका तिकडे राहायला गेले, विहिरीजवळ दोन खोल्या बांधून. वसंत डाव्या हाताने विळा चालवायला शिकला. गोपिका संध्याकाळी त्याच्याकडून गाण्यातले शब्द गाण्याबाहेर काढून घ्यायची, एकेक करून, विहिरीतून हंडा ओढावा तसे. वर्षभरात पाणी आलं, मीठ आलं, गोपी आलं. एकदा वच्छला पेरू न्यायला गेली तर तो बराच वेळ ओठांशी झगडला आणि म्हणाला, "वहिनी." ती पेरूंची टोपली तिथेच विसरून घरी आली.

घरी वामनराव होते. खात होते, हसत होते, कडी लावलेल्या दारावर थापा मारत होते. वच्छला त्यांना न्हाऊ घालायची, जेवू घालायची, बाहेर नेताना हात धरायची. कपाळावर कुंकू होतं आणि ज्याचं कुंकू तो नव्हता. हे दुःख कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण लग्नकार्यात प्रत्येक बाई तिला हेच ऐकवायची, की नवरा किती हसरा मिळाला तुले, आमचे पाहा, सदा तोंड पाडून. आणि पाठीमागे हेच गोत सांगत होतं, की वच्छलाने नवऱ्याला खुळा ठरवून शेत गिळलं.

एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात चंपतराव गेले. वच्छला दोघा भावांना घेऊन त्यांच्या गावी पोचली. प्रेत अंगणात मांडवाखाली ठेवलं होतं, मंडळी ओळीने बसली होती, ओसरीतली पंख्याखालची जागा आधीच भरलेली. वामनराव जवळ गेले, वाकून मामाच्या तोंडाकडे पाहिलं आणि मोठ्याने हसले.

"आता कोणाचं शेत मांगन हा?" ते म्हणाले. मग धोंडबांकडे वळून विचारलं, "जेवण इथंच आहे ना?"

वच्छलाने या वेळी त्यांना आवरलं नाही. जे त्या अंगणात निम्म्या लोकांच्या मनात होतं ते एकाने बोलून दाखवलं, तर तिचं काय जात होतं? पण मंडळींनी तेही आपल्या पद्धतीने नीट लावून घेतलं. एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "पाहा वं, केवढं काळीज. दुःख गिळून लोकायले हसवून राहिला."

वसंत खांबाला टेकून रडत होता. लहानपणी याच मामाने त्याला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती, आणि पुढे याच मामाने त्याला पागलखान्यात टाकायला निघावं, हे दोन्ही त्याला आठवत होतं. तरी तो त्या पहिल्या मामासाठी रडत होता, हुंदके देऊन, कुणाचीही पर्वा न करता. सगळ्या अंगणात खरं रडणारा तेवढा एकच होता.

धोंडबा वच्छलाकडे झुकून कुजबुजले, "हा काहून रडून राहिला? समजते का त्याले, कोण मेलं ते?"

वच्छलाने त्यांच्याकडे पाहिलं. एवढी वर्षं जे सांगून झालं ते पुन्हा सांगावं असं तिला वाटलं नाही. तिने वामनरावांना हाताला धरून मांडवाबाहेर आणलं, त्यांच्या पायात चपला सरकवल्या, नजरेसमोर राहतील असं त्यांना बसवलं, आणि परत आत जाऊन वसंताच्या शेजारी बसली.

"रडा भाऊजी," ती म्हणाली. "घाई नाही. बस संध्याकाळची आहे."